फाटकवाल्याच्या पानावरची रेघ

१

एका वाक्यावरून एकेचाळीस वेळा मारामारी झाली आणि रक्ताचा थेंबही सांडला नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा म्हणेल, थाप आहे. पण बुधवारी सकाळी भिंगरीताईंनी स्वतः मोजलं. एकेचाळीस म्हणजे एकेचाळीस. शिवणयंत्रांच्या सुट्या भागांनी भरलेल्या टेबलाचा एक कोपरा हातानं झाडून त्यांनी संगणक उघडला होता आणि पडद्यावर एका पानाला कुलूप लागलेलं दिसत होतं.

पान होतं जालावरच्या विश्वकोशातलं. हा कोश म्हणजे बिनभिंतींची शाळा. कुणीही यावं, फळ्यावर लिहावं, दुसऱ्यानं ते पुसावं आणि तिसऱ्यानं दोघांना उपदेश करावा. पगार कुणालाच नाही, म्हणून कामचुकारपणाही नाही. आणि भांडणं तर अशी, की जणू वाडवडिलांच्या शेताचा बांध कुणी रातोरात सरकवलाय. ती निस्तरायला कोशानं काही मध्यस्थ नेमले होते. भिंगरीताई त्यांतल्याच एक.

पोटापाण्याला त्या शिवणयंत्रं दुरुस्त करत. भिंगरी हे नाव शाळेत पडलेलं, कारण एका जागी बसणं त्यांना जमत नसे. साठी जवळ आली तरी जमलं नव्हतं. विचार करताना हात आपोआप एखादी बॉबिनची डबी खोलून पुन्हा जोडत. नवरा म्हणे, आमच्या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही, हिच्याकडे बघून ते आपणच पळतं.

भांडणाचं पान एका रेल्वे फाटकाबद्दलचं होतं. सदतीस वर्षांपूर्वी त्या फाटकावर मालगाडीनं एका लॉरीला उडवलं आणि लॉरीचा चालक जागच्या जागी गेला. पानावर एक वाक्य असं होतं: ‘चौकशी अहवालानुसार फाटक वेळेवर बंद झाले होते, लॉरीचालकाने घाईने गाडी आत घातली.’ हे वाक्य जपणाऱ्या खात्याचं नाव ‘चिमणी’. दुसरं एक खातं होतं, नाव नसलेलं, नुसत्या आकड्यांचं. ते लिहायचं: ‘फाटकवाला त्या वेळी जागेवर नव्हता.’ चिमणी ते पुसायची, आकडेवाला पुन्हा लिहायचा. असं एकेचाळीस वेळा.

एवढ्यावर कोण मध्यस्थ बोलावतं? पण त्या फाटकावर आता उड्डाणपूल झाला होता आणि त्याला अडतीस वर्षं नोकरी केलेल्या म्हाताऱ्या फाटकवाल्याचं नाव द्यायचं घाटत होतं. म्हातारा अजून होता, शहाऐंशीचा. रविवारी अकराला नगरसभेची बैठक. सभेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं होतं की कोशात जे असेल ते बघून ठरवू. ‘जागेवर नव्हता’ हे वाक्य राहिलं तर पुलावरचं नाव गेलं, आणि म्हाताऱ्याची अडतीस वर्षंही गेली.

चिमणी ही त्या म्हाताऱ्याची मुलगी होती. तिनं ते पहिल्याच दिवशी उघड सांगितलं होतं.

कोशाच्या मुख्य कारभाऱ्यांचा निरोप खाली वाट बघत होता. त्यांनी दोन्ही खात्यांचा माग काढला होता. चिमणी आणि आकडेवाला, दोघं एकाच घरातून, एकाच जोडणीवरून लिहीत होते. निरोपाचं शेवटचं वाक्य होतं: ‘बाई स्वतःशीच भांडतेय. सहानुभूतीसाठी शत्रू उभा केलाय. शनिवार संध्याकाळपर्यंत तुमचा निवाडा आला नाही, तर तिला कायमचं बाहेर काढून फाटकवाला जागेवर नसल्याचं वाक्य ठेवून देतो.’

भिंगरीताईंच्या हातातली डबी खाली पडली आणि स्प्रिंग कुठेतरी उडाली.

२

खरं तर मध्यस्थानं घराबाहेर पडायचं नसतं. पत्रं वाचायची, पत्रं लिहायची. पण त्या पानाच्या जुन्या आवृत्त्या वाचत बसल्या आणि अर्ध्या तासात खुर्चीला काटे फुटले. गुरुवारी सकाळची बस पकडून त्या दीड तासावरच्या त्या गावी गेल्या.

चिमणी डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा लावण्याचं काम करी. पन्नाशीची, बारीक चणीची, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघणारी. महिनाभर रजा टाकून भांडत होती आणि कालच कामावर परतली होती. समोर वेळांची वही होती. फोन वाजला की पेन्सिलीनं नाव लिही, वेळ बदलली की रबरानं इतकं घासून पुसे की कागद झिरझिरीत व्हायचा. वहीच्या काठावर रबराचा भुगा साचला होता.

भिंगरीताईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. आकडेवाला कोण? तुमच्या घरातून लिहितो.

तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. घरात कोण कोण असतं, ते तिनं बोटं मोजून सांगितलं. ती आणि आबा, तिचे वडील. संपलं. आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि कळूही द्यायचं नव्हतं. रक्तदाब आधीच चढलेला. त्यांना ती खोलीत सकाळ-संध्याकाळ चहा नेऊन देई आणि जुना संगणक लावून देई, आगगाड्यांची चित्रं बघायला. तेवढाच त्यांचा विरंगुळा. बाकी त्यांना फोन आणि साबणाची वडी यांत फरक कळत नाही, असं ती म्हणाली.

“मग जोडणीचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?”

हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नव्हता. शेजारच्या गुरुजींना तिनं सात वर्षांपूर्वी दिला होता. त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. आणि गुरुजींना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती सर्दीसारखी गल्लीभर पसरणं. समोरच्या टायरवाल्याला त्यांनीच दिला असणार, असं ती म्हणाली.

टायरवाला म्हणजे कोण, हे भिंगरीताईंना विचारावं लागलं नाही. तिनं आपण होऊन सांगितलं, आवाज खाली आणून. तो त्या लॉरीचालकाचा मुलगा.

“बाई,” ती म्हणाली, “मी खोटं बोलत असेन तर मला काढून टाका. पण मग निदान ते वाक्य तरी काढा. आबांनी दुसरं काही कमावलं नाही.”

बाहेर पडताना भिंगरीताईंनी तिच्याच दवाखान्याच्या बाकावर बसून फोनवर जुन्या आवृत्त्या पुन्हा चाळल्या. सगळा वेळ डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं, असं काहीतरी आता त्यांना दिसलं. कोशात नको असलेलं वाक्य लोक पुसतात. आकडेवाल्यानं एकदाही, एकेचाळीस वेळांत एकदाही, चिमणीचं वाक्य पुसलं नव्हतं. तो त्यावर फक्त एक आडवी रेघ ओढायचा, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी आपलं वाक्य नव्यानं लिहायचा. जुनं परत आणायची एक कळ असते. ती त्यानं कधीच दाबली नव्हती.

शत्रूचं लिखाण इतकं सांभाळून खोडणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

३

शुक्रवारी त्या पुन्हा गेल्या. नवरा म्हणाला, बसवाला आता तुला पास देईल नाहीतर नोकरी तरी देईल.

गुरुजी दारातच भेटले. सत्तरीचे, पोट पुढे, उत्साह त्याच्याही पुढे. गावच्या शंभर घटनांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, चार वर्षांपूर्वी छापून घेतलेलं. आकडेवाल्याच्या वाक्याला कोशात ज्या एकमेव छापील पुस्तकाचा दाखला होता, ते हेच. त्याच्याच जोरावर वाक्य टिकून होतं. कोशाचा पहिला नियमच तो: कुणी डोळ्यांनी पाहिलं याला मोल नाही, छापून आलं असेल तर बोला.

गुरुजींच्या टेबलावर दुसऱ्या आवृत्तीचं हस्तलिखित पडलं होतं. चुकलं की त्यावर पांढरा रंग फासायचा आणि वाळायच्या आत वर लिहायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे अर्धी पानं चुना लावलेल्या भिंतीसारखी खडबडीत झाली होती आणि दोन पानं एकमेकांना कायमची चिकटली होती. त्या दोन पानांत काय होतं, हे त्यांनाही आता आठवत नव्हतं.

गुरुजी खूप बोलले. चिमणीला वाक्य झोंबतं, हे त्यांना माहीत होतं आणि वाईटही वाटत होतं, पण इतिहास म्हणजे इतिहास. भिंगरीताई खोलीत येरझाऱ्या घालत ऐकत राहिल्या. मग पुस्तकातलं ते पान काढून त्यांनी समोर धरलं. तिथे छापलं होतं: ‘फाटकवाला काही वेळ जागेवर नव्हता.’

“गुरुजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

गुरुजींनी डोकं खाजवलं. चौकशीच्या अहवालात तर उलटंच होतं, हे त्यांनी मान्य केलं. फाटकावरची जुनी रजिस्टरं कधीच रद्दीत गेली होती. आबांना विचारायचं धाडस झालं नव्हतं. टायरवाला तेव्हा चार वर्षांचा होता, त्याला काय आठवणार?

“मग?”

“अहो मग काय,” गुरुजी निरागसपणे म्हणाले, “तुमच्याच कोशात होतं की. मी तिथूनच घेतलं.”

भिंगरीताई थांबल्या. वाक्य कोशात पहिल्यांदा आलं सहा वर्षांपूर्वी. पुस्तक निघालं चार वर्षांपूर्वी. मग कुणा मदतनीसानं पुस्तकाचा दाखला आणून त्याच वाक्याला चिकटवला होता. म्हणजे आरोपीनं आपलीच सावली साक्षीला उभी केली आणि साऱ्या कचेरीनं तिला नमस्कार केला, तसं झालं होतं.

पुरावा कोसळला होता. निवाडा इथेच देता आला असता. वाक्य काढा, प्रकरण मिटवा, घरी जा. पण सहा वर्षांपूर्वी ते वाक्य पहिल्यांदा लिहिणारा तोच आकडेवाला होता. त्याच्यासमोर तेव्हा कुठलंच पुस्तक नव्हतं, मग त्याला कुठून कळलं?

आणि आणखी एक गोष्ट. पुस्तकात ‘काही वेळ’ होतं. सहा वर्षांपूर्वी आकडेवाल्यानंही ‘काही वेळ’च लिहिलं होतं. या महिन्यात मात्र चिमणी पुसायला लागल्यावर ते बदलत गेलं. आधी ‘थोडा वेळ’. मग ‘दहाएक मिनिटे’. आणि शेवटच्या सोळा वेळा, न चुकता, ‘अकरा मिनिटे’.

अफवा दर वेळी फुगत जाते. ही दर वेळी जास्त नेमकी होत चालली होती.

४

टायरवाल्याचं दुकान समोरच. तो एका ट्रकचं चाक उताणं पाडून त्याच्याशी झुंजत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. बाई कोशातून आल्यात म्हटल्यावर त्यानं हातातली पहार खाली ठेवली नाही.

त्याला पासवर्ड माहीत होता. गुरुजींनी दिला होता. तो त्यावर गाणी ऐकायचा. पान त्यानं पाहिलं होतं. शाळेत असताना पोरं त्याला चिडवत, तुझ्या बापाला फार घाई होती म्हणून. आई अजूनही त्या रस्त्यानं जात नाही. एवढं सगळं त्यानं दोन चाकं बसवता बसवता सांगितलं, कुणाकडेही न बघता.

“लिहायचं असतं तर मी माझ्या बापाबद्दल लिहिलं असतं,” तो म्हणाला. “त्या म्हाताऱ्याबद्दल कशाला? तो रोज सकाळी खिडकीतून माझ्या दुकानाकडे बघत बसतो. कधी एक शब्द बोलला नाही. मीपण नाही.”

दारात एक काळी पाटी टांगलेली होती. कुठली गाडी किती वाजता यायची ते खडूनं लिहिलेलं. इतक्यात एकाचा फोन आला, त्याची गाडी आज येणार नव्हती. टायरवाल्यानं अंगठ्याला थुंकी लावली आणि एका फटक्यात नाव नाहीसं केलं. पाटीवर ओला काळा डाग राहिला.

भिंगरीताई त्या डागाकडे बघतच राहिल्या. मग दुकानाच्या दारापासून बसथांब्यापर्यंत आणि थांब्यापासून परत दुकानापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. टायरवाल्याला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

हरवलं नव्हतं, सापडत होतं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: माणूस नीट शिवताना सगळ्यांसारखाच शिवतो, उसवताना मात्र ज्याची त्याची तऱ्हा. कुणी दातानं तोडतं, कुणी कात्रीनं, कुणी टाका न् टाका सुईनं उचलतं. चूक सुधारण्याची सवय ही चालण्यासारखी असते, लपवता येत नाही. चिमणी रबरानं घासते, मागमूस उरू देत नाही. गुरुजी रंग फासतात. टायरवाला थुंकीनं पुसतो. तिघंही आपली चूक नाहीशी करणारी माणसं.

आकडेवाला चूक नाहीशी करत नाही. तो ती वाचता येईल अशी ठेवतो आणि बाजूला खरं लिहितो. म्हणजे कधीतरी कुणीतरी त्याला बजावून शिकवलं असणार, की खाडाखोड केलीस तर याद राख; चुकलं तर एक रेघ ओढायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं.

पासवर्ड तिघांनाच माहीत होता. पण पासवर्ड कशाला हवा, जर कुणी संगणक रोज आयताच लावून देत असेल?

त्या सरळ चिमणीच्या घराकडे निघाल्या. चिमणी दवाखान्यात होती. दार लोटलेलं होतं. कडी वाजवली तर आतून आवाज आला, जणू कुणी कितीतरी दिवस वाट बघत होतं.

“या. फार उशीर केलात.”

५

आबा खिडकीशी बसले होते. ताठ, दाढी केलेली, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. पुढ्यात संगणक. एका बोटानं कळ दाबायची, मग पडद्याकडे बघून खात्री करायची, मग दुसरी कळ, असा त्यांचा वेग. एक वाक्य लिहायला अर्धा तास लागत असेल. एकेचाळीस अर्धे तास, भिंगरीताईंच्या मनात आलं.

शेजारी रक्तदाबाची वही उघडी होती. रोजचे आकडे, वळणदार अक्षरात. मंगळवारचा आकडा चुकला होता. त्यावर पट्टीनं ओढल्यासारखी एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, खाली छोटी सही आणि वेळ.

भिंगरीताईंनी वहीवर बोट ठेवलं. आबांनी मान हलवली. लपवाछपवी दोघांनीही केली नाही.

फाटकावर रजिस्टर असतं, आबा सांगू लागले. स्टेशनवरून घंटा आली की वेळ लिहायची, फाटक पाडलं की वेळ लिहायची, गाडी गेली की वेळ, उघडलं की वेळ. पुसलं तर नोकरी जाते. अडतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात रबर फिरलं नव्हतं.

दुपारची मालगाडी रोज अर्धा तास उशिरा यायची. रोज म्हणजे रोज. लोक तिच्यावरून घड्याळं चुकवत. त्या दिवशी समोरच्या वजनकाट्याच्या खोलीत सोंगट्यांचा डाव मांडला होता. एकच डाव, म्हणून आबा गेले. वजनकाट्याच्या खडखडाटात घंटा ऐकू आली नाही. गाडी त्या दिवशी, उभ्या आयुष्यात एकदाच, वेळेवर आली.

त्यांनी धावत येऊन दांडा खाली पाडला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अर्ध्या रस्त्यापुरताच तो दांडा; चौकशीवाल्यांना वाटलं, लॉरीवाल्यानं बाजूनं गाडी घातली. मग त्यांनी रजिस्टर मागितलं. ते हातात देण्याआधी आबांनी वेळापत्रकावरून घंटेची वेळ लिहिली आणि तीच फाटक पाडल्याची लिहिली. खरी वेळ अकरा मिनिटांनंतरची होती.

“एकही खाडाखोड नाही, म्हणून साहेबांनी ते खरं मानलं,” आबा म्हणाले. “मी कुणावर आळ घेतला नाही बाई. मी गप्प बसलो. रजिस्टर बोललं.”

ते रजिस्टर रद्दीत गेलं, त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. त्या दिवशी आबांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रेघ ओढायला कागदच उरला नाही. डावातला तो वजनकाट्यावरचा गडी वारला. मग सहा वर्षांपूर्वी आगगाड्यांची चित्रं बघता बघता ते पान समोर आलं. कुणीही लिहू शकतं, असं वर लिहिलेलं होतं. त्यांनी ‘काही वेळ’ लिहिलं. अकरा लिहायला हात धजावला नाही.

“चिमणी हे नाव मीच तिला ठेवलंय,” ते म्हणाले. “म्हणून कळलं, पुसणारी तीच. ती पुसायची, मला चहा आणून द्यायची, रक्तदाब बघायची. मी चहा प्यायचो आणि पुन्हा लिहायचो. जितक्या वेळा तिनं पुसलं, तितकं मला नीट आठवायला लागलं.”

तिला सरळ सांगितलं का नाही, हे भिंगरीताईंनी विचारलं. आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर टायरवाला चाक लोटत होता.

“पानावर सांगितलं ना,” ते म्हणाले.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारात चिमणी उभी होती. बाई आपल्या घराकडे गेल्याचं टायरवाल्यानं कळवलं होतं आणि ती दवाखान्यातून तशीच धावत आली होती. किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती.

६

चिमणीनं पडलेला डबा उचलला नाही. ती भिंगरीताईंकडे वळली आणि कोरड्या आवाजात म्हणाली की आता निवाडा काय असेल तो सांगा.

भिंगरीताईंनी उभ्या उभ्याच सांगितला, कारण बसवत नव्हतं. दोन खाती, दोन माणसं. चिमणीवरचा आळ खोटा, तिला कुणी काढणार नाही. आबांनी एवढ्यात चष्मा पुसायला घेतला. दुसरी गोष्ट भिंगरीताईंनी आबांकडे न बघता सांगितली. ‘अकरा मिनिटे’ हे वाक्य जाईल. गुरुजींच्या पुस्तकानं ते आपल्याच कोशातून उचललंय, म्हणून त्याचा पुरावा फुका आहे. आणि आबांनी स्वतः पाहिलं, स्वतः केलं, याला कोशात किंमत नाही. अहवाल छापील आहे. अहवाल राहील.

“म्हणजे खोटं राहणार,” आबा म्हणाले.

“कोश खरंखोटं ठरवत नाही, आबा. छापलेलं कुठून आलं, एवढंच बघतो. दुसरीकडे कुठे खरं छापून आलं, तर उद्या मी स्वतः आत घेईन. आज नाही.”

आयुष्यात प्रथमच त्यांना आपला नियम एखाद्या तिरक्या बसलेल्या सुईसारखा वाटला. यंत्र चालतं, पण कापड फाटतं. तरी त्यांनी तो वाकवला नाही. तो एकदा वाकला तर उद्या कुणाचीही थाप खिडकीतून आत येईल, हे त्यांना माहीत होतं.

आता चिमणीला काहीच करायचं नव्हतं. ती जिंकली होती. पान स्वच्छ झालं असतं, रविवारी पुलाला नाव मिळालं असतं, शहाऐंशी वर्षांचा माणूस कुठे जाऊन काय सांगणार होता? तिनं संगणक मिटून ठेवला असता तरी पुरे होतं. तिनं कोपऱ्यातल्या आबांच्या चपला आणून त्यांच्या पायांपुढे सरळ लावल्या.

“चला,” ती म्हणाली. “आधी समोर. मग रविवारी सभेत.”

रस्ता ओलांडायला तीस पावलं लागली असतील. टायरवाल्यानं तिघांना येताना पाहिलं आणि एक टायर आडवा करून पुढे सरकवला. आबा बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, घंटा, डाव, अकरा मिनिटं, रजिस्टर. एकही वेळ चुकली नाही. टायरवाला चाकाचे नट आवळत राहिला. आवळलेले नट पुन्हा आवळले. शेवटी पाना थांबला.

“बाबा जोरात होते का?” त्यानं विचारलं.

“नाही,” आबा म्हणाले. “मी धावत येत होतो, मला दिसलं. फाटक उघडं असूनही त्यानं गाडी हळू केली. रोजच्यासारखा माझ्या खोलीकडे हात केला. फाटक उघडं म्हणजे मी आत आहे, असं त्याला वाटलं.”

टायरवाल्यानं दुकानाची फळी अर्धी ओढली आणि घराकडे गेला, आईकडे. हात धुवायचेही राहिले होते.

भिंगरीताईंनी त्या संध्याकाळी निवाडा लिहिला, तसाच, नियमाला धरून. वाक्य काढलं, पानाचं कुलूप उघडलं. मुख्य कारभाऱ्यांनी तत्पर कामाबद्दल आभार मानले. ते वाचून त्यांनी तीन यंत्रं उघडली आणि एकही जोडलं नाही.

रविवारी सभा भरली. अध्यक्षांनी कोशाचं स्वच्छ पान वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या आणि मग आबा काठी टेकत उठले. किती मिनिटं बोलले, याबद्दल गावात अजून वाद आहे. बोलून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, गटारांचा. पुलाला नाव मिळालं नाही. लोक त्याला नुसता वरचा रस्ता म्हणतात. घरी येताना आबांना कुणी नमस्कार केला नाही, हे चिमणीनं मोजलं. ओळखीची नऊ माणसं. आबांनी मोजलं नाही, ते वाटेत एका बाकावर बसून डाळिंब खाऊ या म्हणाले.

सभेला बातमीदार बसला होता. मंगळवारच्या अंकात तिसऱ्या पानावर सगळं आलं, अकरा मिनिटं, उघडं फाटक, हळू झालेली लॉरी, आबांचं नाव आणि गाव.

भिंगरीताई अंक हातात घेऊन संगणकापाशी आल्या, कबूल केल्याप्रमाणे वाक्य आत घ्यायला. पण पानावर कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं. अहवालाचं वाक्य जागच्या जागी होतं. त्याखाली नवं होतं: ‘मात्र फाटकवाल्याने स्वतः जाहीर सभेत दिलेल्या कबुलीनुसार तो अकरा मिनिटे जागेवर नव्हता, फाटक उघडे होते आणि लॉरीचालकाने गाडी हळू केली होती.’ पुढे वर्तमानपत्राचा दाखला, तारीख, पान.

लिहिणाऱ्या खात्याचं नाव चिमणी. बदलाचं कारण द्यायला कोशात एक छोटी चौकट असते. लोक तिथे एकमेकांना शिव्या देतात, नाहीतर ती रिकामी सोडतात. तिथे लिहिलं होतं:

‘वडील बोलले, पेपरात आलं, मी लिहिलं.’